भरतीच्या वेळचे नमुने

निवृत्त शिक्षकाला दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं की तो बहुधा परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांविषयी लिहितो. माझेही दोघे-तिघे गेले आहेत. ते सुखात आहेत आणि त्यांच्याविषयी सांगायला त्यांच्या आया समर्थ आहेत. मी एका वहीविषयी लिहिणार आहे. नदीच्या पाण्याचे नमुने तपासून माझ्या विद्यार्थ्यांनी ती वर्षभर भरली. खाडाखोड नसलेली, सुवाच्य अक्षरातली, बक्षीस मिळवलेली वही. ज्यांच्या होडीतून आम्ही ते नमुने घेतले ते हिराजीभाऊ यंदा गेले. त्यांच्या हयातीत हे लिहायचं मला सुचलं नाही, म्हणजे खरं तर धीर झाला नाही.

नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. नावड्याजवळच्या वसाहतीत एका मराठी शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत असे. वर्गात दोन तऱ्हेची मुलं होती. एक सातारा-सांगलीकडून आलेल्यांची. वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, नाहीतर कारखान्यात हेल्पर. दुसरी इथल्याच पाड्यांवरची. त्यांच्या आजोबांची भातखाचरं आमच्या शाळेखाली आणि कारखान्यांखाली गेली होती. मी स्वतः वाईकडची. लहानपणी कृष्णेच्या घाटावर बसून पुस्तकं वाचलेली. नदी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

एका उपक्रमात शाळेला लाकडी पेटी मिळाली. आत काचेच्या बाटल्या, तापमापी, सामू म्हणजे पाण्याचा आम्लपणा बघायच्या कागदी पट्ट्या आणि रसायनांच्या कुप्या. विद्यार्थ्यांनी जवळच्या नदीचं आरोग्य तपासायचं, नोंदी ठेवायच्या, असा तो उपक्रम. मुख्याध्यापकांनी पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला वाचायची आवड आहे. यातलं माहितीपत्रक वाचा आणि काय ते करा." अशा रीतीने मी नदीची डॉक्टर झाले.

ज्यांचा विज्ञानाशी संबंध दहावीत सुटला त्यांच्यासाठी थोडं सांगते. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. तो किती आहे हे कळलं की पाणी जिवंत आहे की नाही ते कळतं. त्यासाठी बाटली पाण्याखालीच भरायची, आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही आणि बूच लावायचं. मग दोन कुप्यांमधले थेंब घालून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. नसेल तर साका पांढराच राहतो. नेमका आकडा काढायचं काम नंतर प्रयोगशाळेत होतं, पण नदी जगते आहे की नाही हे होडीतच, मिनिटाभरात दिसतं. मुलांना हा क्षण फार आवडायचा. बाटली उलटी झाली की सगळे माना पुढे काढून बसत आणि साका तपकिरी झाला की "जिंदा! जिंदा!" म्हणून ओरडत.

होडी मिळाली ती रंजनामुळे. रंजना नववीत होती. पुढच्या बाकावर बसायची आणि वर्गात बोलायची वेळ आली की आधी वाक्य मनात तपासून घ्यायची, कारण पाड्यावरची मुलं बोलली की वसाहतीतली हसत. तिचे वडील हिराजीभाऊ खाडीच्या तोंडापासून वरपर्यंत जाळी टाकत. पहिल्या दिवशी ते शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, आत आले नाहीत.

"बाय, पोरगी सांगते तुमाला पानी बगाचाय," ते म्हणाले. "रविवारी एकादशी हाय. सव्वाआठला भरती. आठला या."

"एवढं घड्याळ लावून कसं कळतं तुम्हाला?"

"तिथीची पाऊनपट करायची. अकराची पाऊनपट सव्वाआठ. येवढं तर आमच्या गावची साळंत न गेलेली मानसं पन करतान."

मी हसले. मला पाऊणकी येत होती, पण पंचांग आणि समुद्र यांचा असा हिशेब ठाऊक नव्हता. पुढे वर्षभर, दर पंधरवड्याला एका रविवारी, त्यांनी सांगितलेल्या वेळेला आम्ही गेलो. कधी सकाळी सातला, कधी दुपारी तीनला. वेळ दर खेपेला बदलायची म्हणून मी कुरकुरायची. एकदा विचारलंही, "दर रविवारी एकच वेळ का नाही ठेवत हो?" ते म्हणाले, "बाय, पानी आपलं आईकत नाय." भरतीला पाणी काठोकाठ असतं, होडी तरंगते, म्हणून ती वेळ, एवढाच अर्थ मी घेतला.

त्या रविवारच्या फेऱ्या हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात आनंदाचं काम होतं, हे आज लिहितानाही खोटं वाटत नाही. वहीत एक रकाना होता, "वास". माहितीपत्रकात "सौम्य, तीव्र, कुजकट" असे पर्याय दिले होते. ते मुलांना पुरत नसत. सागर नावाचा एक माथाड्याचा मुलगा होता. त्याने एकदा लिहिलं, "वास: कांद्याच्या गाडीनंतर बाबांच्या सदऱ्याला येतो तसा." मी ते ठेवलं. हाच सागर एकदा बोट चाटून म्हणाला, "बाई, पाणी खारट आहे." मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. नमुन्याचं पाणी चाखायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. त्या बिचाऱ्याने बोट चड्डीला पुसलं आणि मी नियम पाळला गेल्याच्या समाधानात राहिले.

रंजनाच्या नोंदी सगळ्यात नेमक्या असत. पण पहिल्याच नोंदीत तिने वर लिहिलं होतं, "खारीचं पानी". तिच्या घरी खाडीला खारी म्हणतात आणि होडीला होरी. मी लाल शाईने ते खोडलं आणि वर लिहिलं, "नदीचे पाणी".

ती वही घेऊन माझ्याकडे आली. "बाई, इथे नदी नाही ना. नदी वर आहे, पुलाच्या तिकडे. इथे खारी... खाडी आहे."

"नकाशात बघ. इथपर्यंत नदीच दाखवली आहे."

"पण बाई, इथे पाणी परत फिरतं."

मला वाटलं ती शब्दासाठी हट्ट करते आहे. मी म्हटलं, "रंजना, परीक्षेत खारी लिहिलंस तर मार्क जातील." ती जागेवर गेली. पुढे वर्षभर तिने प्रत्येक नोंदीवर "नदीचे पाणी" लिहिलं, शुद्ध आणि वळणदार.

वहीचा निकाल चांगला येत होता. साका दर वेळी तपकिरी. सामू आठच्या आसपास. मी मुलांना सांगत असे, आपली नदी आजारी नाही, थोडी थकलेली आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही मोठा तक्ता लावला. बक्षीस मिळालं. त्या तक्त्याची नक्कल कुणी कुणी मागून नेली. कोण, कशासाठी, हे विचारायचं मला सुचलं नाही. आपलं अक्षर कुणी मागून नेतं याचंच मला अप्रूप होतं.

आणि त्याच काळात हिराजीभाऊंची जाळी रिकामी येत होती. होडी वल्हवता वल्हवता ते सांगत, "बाय, सकाली काठाला मासं मरून परतान. काला, तेलकट तवंग येतो. पोरांचे पायाला फोड येतान." मी ऐकून घेत असे आणि वहीकडे बघत असे. एकदा मी त्यांना समजावलंही. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "हिराजीभाऊ, आकडे तर चांगले आहेत. मासे कदाचित दुसरीकडे गेले असतील."

त्यांनी वल्हं पाण्यात खोल घातलं. मग म्हणाले, "आसल. तुमी शिकल्याली मानसं."

पाड्यावरच्या लोकांनी अर्ज केला. कारखान्यांच्या बाजूने नदीत येणारं काळं पाणी बंद करावं, एवढंच मागणं. अर्जावर पहिली सही हिराजीभाऊंची होती. सुनावणीची तारीख लागली तेव्हा ते पुन्हा शाळेच्या फाटकाशी आले.

"बाय, तुमची वही घेऊन याल काय? आमचे सांगन्याला कोन ईचारत नाय. तुमची वही साळंची हाय, सही-शिक्क्याची हाय."

"पण भाऊ, वहीत आकडे चांगले आहेत. तुम्हाला ती उपयोगाची नाही."

"वरीसभर माझे होरीन बसून लिवलीय. खोटी कशी आसल? काय खरं हाय ते सांगा. खऱ्याला कशाला भ्यायचं?"

मी जायला नको होतं, असं नंतर बरेच जण म्हणाले. पण मलाही वाटलं, खरं आहे ते सांगावं. वही मी ब्राऊन पेपरच्या कव्हरात घालून नेली.

कचेरीतली खोली लहान होती. एका बाजूला पाड्यावरचे दहा-बारा जण, स्वच्छ कपडे घालून आलेले. दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या वतीने आलेले एक इंजिनिअर. तरुण, सौम्य, उगाच आवाज न चढवणारे. त्यांच्या फाइलीत आमच्या प्रदर्शनातल्या तक्त्याची नक्कल होती. माझी वही त्यांना नवीन नव्हतीच.

"मॅडम, ही नोंद तुमच्या विद्यार्थ्यांची?"

"हो."

"प्रत्येक पानावर सही तुमची?"

"हो."

"होडी कुणाची होती?"

मी हिराजीभाऊंकडे पाहिलं. "यांची."

"म्हणजे अर्जावर पहिली सही ज्यांची आहे, त्यांच्याच होडीतून, त्यांच्याच गावच्या मुलांनी वर्षभर पाणी तपासलं आणि पाणी चांगलं निघालं," इंजिनिअर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. वहीत होतं तेच त्यांनी वाचून दाखवलं होतं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी हिराजीभाऊंना विचारलं, "मग मासे कशाने मरतात?"

"ते मला काय म्हाईत, साहेब. मरतान येवढं म्हाईत हाय."

मागून कुणीतरी हसलं. साहेबांनी फाइल मिटली. अर्जात तथ्य आढळत नाही, असा शेरा पडला. बाहेर आल्यावर पाड्यावरचं कुणी माझ्याशी बोललं नाही. हिराजीभाऊ तेवढे म्हणाले, "बाय, तुमची बस तिकरून हाय," आणि मला रस्ता ओलांडून दिला.

मी शाळेत परत आले तेव्हा दुपार झाली होती. रंजना व्हरांड्यात थांबली होती. तिला बातमी कळली होती. तिच्या आवाजात वर्गातली शुद्ध भाषा उरली नव्हती.

"बाई, पेटी घ्या नि आत्ता चला. आत्ता ओहोटी हाय."

"आत्ता होडी कशी—"

"होरी नाय. चालत."

मी गेले. ज्या पाण्यावर आम्ही वर्षभर होडीतून फिरलो होतो तिथे पाणीच नव्हतं. दोन्ही बाजूंना चिखलाचे उतार होते आणि मध्ये एक अरुंद, काळी धार होती. चिखलावर एरवी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात, असं मुलं सांगायची. तिथे एकही निवटी नव्हती. रंजना पुढे आणि मी मागे, चपला हातात घेऊन, मांड्यांपर्यंत चिखलात. धार समुद्राकडे वाहत होती. त्या वर्षभरात मी त्या नदीला वाहताना प्रथमच पाहत होते.

बाटली रंजनानेच बुडवली. मी थेंब घातले, बूच लावलं, उलटी केली, सुलटी केली. साका बसायला लागला. पांढरा. मला वाटलं माझी रसायनं जुनी झाली असतील. दुसरी बाटली भरली. पांढरा. तिसरी. पांढरा.

मग मला तिथे चिखलात उभं राहून सगळं समजलं. नदीचं पाणी ओहोटीला खाली उतरतं. भरतीला समुद्राचं पाणी खाडीतून वर चढतं आणि त्या काळ्या धारेला झाकून टाकतं. आम्ही वर्षभर, दर पंधरवड्याला, न चुकता, भरती पूर्ण असताना गेलो होतो. आम्ही नदी तपासलीच नव्हती, समुद्र तपासला होता. सामू आठच्या आसपास येत होता, तो समुद्राच्या पाण्याचाच असतो, हे मी स्वतः नववीला शिकवत होते. मुलांची जीभ आणि मुलांचे शब्द मला तेच सांगत होते. एकाला मी झापलं होतं, एकीचं मी खोडलं होतं. कृष्णाकाठच्या माणसाला नदी एकाच दिशेने वाहते एवढंच ठाऊक असतं आणि ते इतकं पक्कं ठाऊक असतं की तो विचारत नाही.

रंजनाने विचारलं, "म्हणजे बाबांचं खरं होतं?"

"हो."

"मग आता सांगा त्यांना. कचेरीत सांगा."

मी सांगितलं. पुढचे दोन महिने मी ओहोटीचे नमुने घेतले आणि दुसरी वही केली. ती घेऊन त्याच साहेबांकडे गेले. ते सभ्य माणूस होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या.

"मॅडम, एकच नदी, एकच शिक्षिका. यातली खरी वही कुठली?"

"दोन्ही खऱ्या आहेत."

"मग मी काय लिहू? नदी अर्धा दिवस चांगली असते?"

मी भरती-ओहोटी समजावून सांगितली. त्यांनी मान डोलावली. त्यांना समजलं होतं, याची मला खात्री आहे. पण शेरा पडून गेला होता. नवा अर्ज करावा, अधिकृत प्रयोगशाळेचा दाखला जोडावा, असं ते म्हणाले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आता पुरे. दहावीचे जादा तास सुरू करायचेत. पोरी चिखलात उतरतात, पालक विचारतात." मी पेटी कपाटात ठेवली. कुणी मला धमकावलं नाही की कुणी माझी बदली केली नाही. मला थांबवायला एवढंच पुरलं.

नवा अर्ज पाड्याने केला नाही. एकदा हसं झालं होतं. हिराजीभाऊंनी दोन वर्षांत जाळी सोडली. रंजनाला दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळाले. तिने कॉमर्सला नाव घातलं.

दशक संपता संपता मी एकदा सीवूड्सला एका सहकारी बाईंकडे गेले होते. सोसायटीच्या फाटकाशी निळ्या गणवेशातले वॉचमन उठून उभे राहिले. हिराजीभाऊ. टोपी त्यांना मोठी होत होती.

"बाय! आत जायचं तं पयली वहीन सही करा. आता माझेकडं वही हाय." आणि स्वतःच हसले.

मी सही केली. फ्लॅट नंबर, येण्याची वेळ. त्यांनी सवयीने पश्चिमेकडे पाहिलं. इमारतींच्या मधून खाडीचा एक तुकडा दिसत होता. "ओहोटी लागली," ते म्हणाले.

तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या मनात वाक्यं तयार होती. चूक माझी झाली, तुमची पोर मला सांगत होती, मी ऐकलं नाही. पण मागून गाडीचा हॉर्न वाजला, ते फाटक उघडायला धावले आणि त्यांनी गाडीतल्या माणसाला सलाम ठोकला. तो सलाम मी पाहिला. मी आत निघून गेले. परत निघताना दुसऱ्या फाटकाने बाहेर पडले.

यंदा ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी पाड्यावर गेले तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. आता तिथे पाडा म्हणावं असं काही नाही, चार मजली घरं आहेत. रंजना माहेरी आलेली होती. बँकेत नोकरी करते, केस पिकायला लागले आहेत. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. फोटोला हार होता. आम्ही थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो.

मग मी म्हटलं, "रंजना, त्या वहीचं माझ्या मनातून कधी गेलं नाही."

"बाबांच्या पण नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी आपण चिखलातून आलो ना, मी त्यांना सगळं सांगितलं, पांढरा साका वगैरे. ते तेव्हा काहीच बोलले नाहीत. नंतर मात्र कायम तेच. शेवटी आजारपणात तर रोज. म्हणायचे, गावाचं वाटोळं मी केलं. भरतीची वेळ मी दिली. बाई परक्या गावच्या, त्यांना काय म्हाईत, मला तं म्हाईत व्हतं."

"पण त्यांनी भरती दिली ती होडी तरंगावी म्हणून."

"होडी ओहोटीला पण मधल्या धारेत चालते, बाई. फक्त होडीपर्यंत चिखलातून जावं लागतं. तुम्ही साडीत, पोरं शाळेच्या कपड्यात. पावनी मानसं, त्यांना चिखलान कशाला घालायची, म्हणाले. म्हणून भरती."

आतल्या खोलीत तिची आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

"त्यांची काही चूक नव्हती," मी म्हटलं. "तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. चूक माझी होती, सगळी माझी."

रंजनाने माझा रिकामा पेला उचलला. रागाने नाही, अगदी हळू ती म्हणाली, "हे त्यांना सांगायला पाहिजे होतं, बाई."